‘लोक’ म्हणजे कोण?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



निवडणूक आली की जो तो पुढारी ‘मी लोकांचा माणूस’ म्हणू लागतो. अशा राजकारणाला इंग्रजीत ‘पॉप्युलिस्ट’ म्हणतात, आणि बहुधा नाक मुरडूनच म्हणतात. पण मुळात हे अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या एका पक्षाचे नाव. त्याची हकीकत आज सांगावी म्हणते.

१८९० च्या सुमारास तेथील शेतकरी गांजला होता. कापसाचे, गव्हाचे भाव उतरत चालले होते. रेल्वे कंपन्या मालाचे भाडे मन मानेल तसे घेत. दक्षिणेत दुकानदार उधारीपोटी शेतातले पीकच गहाण ठेवून घेई. सुप्याला १८७५ साली आपल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खते जाळली, ती असल्याच जाचापायी.

१८९२ साली ओमाहा शहरी या लोकांच्या ‘पीपल्स पार्टी’ने आपला जाहीरनामा काढला. श्रीमंतांवर चढता प्राप्तिकर, सरकारी मालकीची रेल्वे, गुप्त मतदान, अशा त्यांच्या मागण्या. त्यांच्या उमेदवाराला दहा लाखांवर मते पडली. कॅन्ससच्या मेरी लीझबाई, राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क स्वतःला नसताना, गावोगाव सभा गाजवीत होत्या. १८९६ नंतर पक्ष मोडला. पण प्राप्तिकराला १९१३ साली घटनेतच जागा मिळाली.

आता दुसरी बाजू ऐका. जॉर्जियाचा टॉम वॉटसन हा याच पक्षाचा नावाजलेला वक्ता. गोऱ्या आणि काळ्या शेतकऱ्यांना तो आधी सांगे, ‘तुम्हांला आपसांत झुंजवून दोघांनाही लुटतात.’ पराभव पदरी आल्यावर तोच वॉटसन काळ्यांचा मताधिकार काढून घ्या म्हणू लागला. ज्यू आणि कॅथलिक यांच्याविरुद्ध त्याने विखारी लेखन केले. १९२० साली तो सेनेटवर निवडूनही आला. गरिबांचा कैवार त्याने सोडला नव्हता. फक्त त्याच्या ‘लोकां’तून शेजारी वगळले गेले होते.

म्हणून भगिनींनो, कोणी लोकांच्या नावाने मत मागायला दारी आला तर त्याला हसण्यावारी नेऊ नका. त्याने सांगितलेले गाऱ्हाणे पुष्कळदा खरे असते. ते नीट ऐकून घ्या, आणि मग एवढेच विचारा : “तुमच्या या लोकांत आमच्या आळीतली कोणकोणती घरे धरली आहेत?” एखादे घर वगळलेले दिसले, तर त्या घरच्या बाईशी आपण हळदीकुंकवाला, पाण्याच्या नळावर रोज बोलतो, हे आठवून मत द्या.