रिपोर्ट नॉर्मल, तरी चक्कर खरी

चालता चालता ऐकत असाल तर आधी रस्त्याकडे लक्ष द्या, कारण आजचा विषयच तोल सांभाळण्याचा आहे. एकदा येऊन गेलेली चक्कर नाही, तर महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून बसलेली. मी डॉक्टर नाही, बीटेक करून कोड लिहिणारी मुलगी आहे. पण वर्षभर या त्रासासोबत राहिले आणि जे समजलं ते कुणीतरी आधीच मराठीत सांगायला हवं होतं असं वाटलं.

सगळ्यात आधी शब्द नीट घेऊ. डॉक्टरांना नुसतं ‘चक्कर येते’ सांगणं म्हणजे ‘अ‍ॅप चालत नाही’ असा बग टाकण्यासारखं आहे. खोली गरगर फिरते, ही एक गोष्ट. बिछान्यात कूस बदलली की काही सेकंद असं होत असेल, तर आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागेवरून सरकलेले असू शकतात. डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते जागी आणता येतात, त्याला एपली मॅन्यूव्हर म्हणतात. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, ही दुसरी गोष्ट. तिथे रक्तदाब बघावा लागतो, आणि तोही आधी झोपवून, मग उभं करून. तिसरी म्हणजे सतत झोक गेल्यासारखं, होडीत उभं असल्यासारखं वाटणं. ही माझी.

माझं सुरू झालं ते आतल्या कानाच्या नसेला आलेल्या सुजेने. तीन दिवस छत फिरत होतं, उलट्या होत होत्या. दोनेक आठवड्यांत ते ओसरलं, पण डुलणं राहिलं. मॉलमधल्या रांगा, फरशीची नक्षी, स्क्रीनवर भराभर सरकणारे लॉग्ज, सगळ्याने वाढायचं. कानाची तपासणी नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. आई म्हणाली, “अगं, सगळं चांगलं आलंय, मग तुला होतंय तरी काय?” काकूंच्या मते पित्त, मामांच्या मते मानेचा मणका, आणि सगळ्यांच्या मते मोबाईल.

याला नाव आहे, पीपीपीडी, म्हणजे पर्सिस्टंट पॉश्चरल परसेप्च्युअल डिझिनेस. बारानी सोसायटी या तज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये त्याचे निकष ठरवले. हे नाव रॉबर्ट बारानी यांचं, ज्यांना आतल्या कानाच्या कामासाठी 1914 चं नोबेल मिळालं. तीन महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवशी डुलणं किंवा अस्थिर वाटणं, आणि उभं राहिल्यावर, हालचालीने, गजबजलेल्या दृश्याने ते वाढणं, ही त्याची खूण.

आतमध्ये काय होतं बघा. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणची माहिती जोडतो: डोळे, आतला कान, आणि पाय-सांध्यांची जाणीव. कानाने एकदा मोठा धोका दिला की मेंदू हाय अलर्टवर जातो. आपण पाय मोजून टाकतो, मान ताठ धरतो, डोळ्यांवर जास्त भरवसा ठेवतो. धोका टळल्यावर हे बंद व्हायला हवं. काहींचं होत नाही. ऑन-कॉल केलेल्यांना कळेल: सर्व्हर दुरुस्त झालाय, पण अलर्टची मर्यादा इतकी खाली ठेवलीय की साध्या ट्रॅफिकलाही रात्री दोनला फोन वाजतो. उभं असताना प्रत्येकाचं शरीर किंचित हलतंच. आपल्याला ते हलणं ऐकू यायला लागतं, एवढंच.

चिंता इथे शिरते. भीती वाटली की अलर्ट आणखी खाली येतो. श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. ते हलकेपण बघून आणखी भीती. म्हणजे चिंतेने चक्कर आणि चकरेने चिंता, दोन्ही खरं. ‘चिंतेमुळे आहे’ याचा अर्थ ‘मनाचे खेळ आहेत’ असा होत नाही. घाम चिंतेने आला तरी रुमाल ओलाच होतो.

आता गोळ्या. इथे गुंता जास्त आहे. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना अंधारी येते. मधुमेहाच्या औषधाने साखर खाली गेली तरी गरगरतं. जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शनं आतल्या कानाला इजा करू शकतात. चक्कर थांबवायच्या प्रोक्लोरपेराझिन, सिनॅरिझिनसारख्या गोळ्या पहिले काही दिवस उपयोगी पडतात. पण महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूला नव्याने तोल शिकायला उशीर होतो.

आणि चिंतेवरच्या एसएसआरआय गोळ्या? त्यांची गंमत अशी की सुरुवातीला त्यांनीच चक्कर येऊ शकते, अचानक बंद केल्या तरी येते, आणि पीपीपीडीवर उपचार म्हणूनही त्याच देतात. मला मानसोपचार डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं. कमी डोसपासून सुरू, पहिला आठवडा जड, फरक कळायला काही आठवडे. तसंच झालं. माझ्या रूममेटने मात्र बरं वाटतंय म्हणून तिच्या गोळ्या एका दिवसात सोडल्या, आणि मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. तो आजार परत आलेला नसतो, औषध एकदम तुटल्याचा परिणाम असू शकतो. म्हणून गोळी चालू-बंद करणं डॉक्टरांच्या सांगण्यावरून, पायरीपायरीने.

गोळीइतकाच उपयोग व्यायामाचा झाला. हातभर अंतरावरच्या एका अक्षरावर नजर ठेवून मान डावी-उजवीकडे हलवायची. आधी बसून, मग उभं राहून. फिजिओथेरपिस्टने शिकवलं. सोबत समुपदेशन.

एक गोष्ट सांगायला अवघड आहे, तरी सांगते. स्थळ बघणं चालू होतं. आई म्हणाली, “त्यांना गोळ्यांचं सांगू नकोस गं, उगाच कशाला?” मी सांगितलं. पुढे फोन आला नाही. आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, “तो मान हलवायचा व्यायाम मलाही जमेल का? उठताना मलाही गरगरतं.” तिची रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी तपासून बदलून दिली.

तुमच्यासाठी एकच काम. कागदावर दोन तारखा लिहा: चक्कर कधी सुरू झाली आणि कुठली गोळी कधी सुरू, बंद किंवा कमी-जास्त झाली. शेजारी लिहा, किती वेळ टिकते आणि काय करताना येते. हा कागद डॉक्टरांपुढे ठेवा.

पण चकरेसोबत बोबडी वळली, चेहरा किंवा हात एका बाजूने लुळा पडला, दोन-दोन दिसलं, चालताच येईना, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली, तर कागद राहू द्या आणि 108 ला फोन करा. मन फार जड झालं असेल तर टेली-मानसचा 14416 आहे, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

मी आज बरीचशी बरी आहे. गर्दीच्या दिवशी थोडं डुलतं, तेव्हा थांबते, श्वास सोडते आणि चालायला लागते. घरात कुणी ‘चक्कर येते’ म्हणालं तर ‘काही नाही होत’ म्हणू नका. ‘कशी येते?’ विचारा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!