गुलबर्ग्याचे खासदार, औरंगाबादचे खासदार

अहमदपूरच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या पदवी प्रमाणपत्रावर ज्यांचे नाव छापलेले असते, ते स्वामी रामानंद तीर्थ स्वातंत्र्यसेनानी म्हणून सर्वपरिचित आहेत. परंतु ते पहिल्या आणि दुसऱ्या लोकसभेचे सदस्य होते, याची आठवण क्वचितच काढली जाते. संन्याशाने निवडणूक लढवावी, हे तेव्हाही काहींना खटकले असणार.

1903 मध्ये जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत, म्हणजे सरकारी शिक्षणव्यवस्थेबाहेर देशसेवेच्या हेतूने चालविलेल्या शाळेत, मुख्याध्यापक असताना 1932 साली संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले, आणि पुढे मोमिनाबादेत, म्हणजे आजच्या अंबाजोगाईत, अध्यापन करीत असतानाच राजकारणाकडे वळले. 1938 साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले. बंदी उठली ती 1946 मध्ये. 15 ऑगस्ट 1947 रोजी त्यांना पुन्हा अटक झाली, आणि त्यांची अखेरची सुटका झाली ती निजामाच्या हैदराबाद संस्थानावरील भारतीय सैन्याच्या कारवाईनंतर, सप्टेंबर 1948 मध्ये.

1952 साली ते निवडून आले ते गुलबर्ग्याहून. त्या वेळी अहमदपूर तालुका बीदर जिल्ह्यात होता, आणि बीदर, गुलबर्गा, औरंगाबाद ही सर्व ठिकाणे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या एकाच हैदराबाद राज्यात मोडत होती. हे राज्य टिकावे, असे मानणारे नेते काँग्रेसमध्येही होते. स्वामीजी मात्र त्याचे भाषावार विभाजन व्हावे, या मताचे होते. ज्या संस्थानाच्या नावाने आपली संघटना उभी राहिली, ते राज्यच नकाशावरून पुसले जावे, असा आग्रह त्यांनी धरला, ही त्यांच्या राजकारणातील सर्वांत धीट गोष्ट मानावी लागेल.

1 नोव्हेंबर 1956 रोजी ते घडले. अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके बीदरपासून तोडून द्विभाषिक मुंबई राज्यात, म्हणजे मराठी व गुजराती प्रदेशांच्या एकत्रित राज्यात, आले आणि उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. लातूर जिल्हा झाला तो पुष्कळ नंतर, 1982 मध्ये. गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेल्याने स्वामीजींचा मतदारसंघही परराज्यात गेला, आणि 1957 ची निवडणूक त्यांनी औरंगाबादहून लढवून जिंकली. 1962 नंतर ते लोकसभेत नव्हते; जानेवारी 1972 मध्ये त्यांचे निधन झाले, आणि नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले ते त्यानंतर बावीस वर्षांनी.