शेकडा म्हणजे कोणत्या शंभरावर?
(पालक-शिक्षक मेळाव्यातील भाषण)



नफातोट्याचे गणित हा भाषेच्या व्यासपीठावरचा विषय नव्हे, असे कोणाला वाटेल. पण इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मराठी घरांत मुलाच्या वहीपाशी आईवडील जेथे अडतात, त्या जागांपैकी ही एक आहे. आणि तिथे अडते ते बहुधा गणित नसते, भाषा असते.

एक उदाहरण घेऊ. ‘एक खुर्ची शेकडा २० नफ्याने ४८० रुपयांना विकली, तर तिची खरेदी किंमत किती?’ पुष्कळ मुले ४८० चे शेकडा २० म्हणजे ९६ काढतात, ते वजा करतात आणि ३८४ लिहितात. गुणाकार बरोबर, वजाबाकीही बरोबर. पण पडताळा घ्या. ३८४ चे शेकडा २० होतात ७६ रुपये ८० पैसे. ते मिळवले की ४६० रुपये ८० पैसे होतात, ४८० होत नाहीत. मुलाने शेकडा धरला विक्रीवर. शालेय गणितात, वेगळे सांगितले नसेल तर, तो धरायचा असतो खरेदीवर.

हे समजायला सूत्र लागत नाही. ‘शंभराची वस्तू एकशेवीसला विकली’ हे वाक्य पुरे. विक्री १२० तर खरेदी १००. मग विक्री ४८० तर खरेदी किती? ४८० गुणिले १००, भागिले १२०, म्हणजे ४००. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही असलेले हे त्रैराशिकच. ‘शेकडा’ या शब्दातच शंभर ऐकू येतात. प्रश्न एवढाच उरतो, की ते शंभर कशाचे.

तो प्रश्न न विचारल्यास काय होते पाहा. दोन घड्याळे प्रत्येकी ९९० रुपयांना विकली. एकावर शेकडा १० नफा, दुसऱ्यावर शेकडा १० तोटा. मुले लगेच म्हणतात, फिटंफाट झाली. पण पहिल्याची खरेदी ९०० आणि दुसऱ्याची ११००. एकूण २००० चा माल १९८० ला गेला. २० रुपये, म्हणजे शेकडा १ तोटा. दोन्हीकडे दहाच, पण एक दहा नऊशेवरचे आणि दुसरे अकराशेवरचे.

आता आपली खास अडचण. हिंदी पुस्तकात क्रय मूल्य आणि विक्रय मूल्य असते. दोहोंत फरक एका ‘वि’चा, घाईत डोळ्यांतून निसटणारा. तिथे सवलतीला बट्टा म्हणतात, आणि मराठी मुलाने तो ऐकलेला असतो नावाला लागणारा. गुजराती पुस्तकात तोट्याला खोट म्हणतात. आपल्या घरी खोट म्हणजे दोष. मूल थबकते ते इथे, आणि आपण म्हणतो, याला गणित येत नाही. काही दिवसांनी मूलही तेच म्हणू लागते.

म्हणून पालकांना एक विनंती. पेन्सिल हाती देण्याआधी मुलाला उदाहरण घरच्या मराठीत सांगायला लावा. कितीला घेतली? वर काय खर्च झाला? कितीला विकली? जुनी सायकल १८०० ला घेतली, दुरुस्तीला २०० लागले आणि २३०० ला विकली, तर नफा ५०० नव्हे, ३००; आणि तो २००० वर, म्हणजे शेकडा १५. मधला प्रश्न विचारला नाही, तर ते २०० हिशेबातून सुटतात.

शाळेचे माध्यम कोणतेही असो, उत्तरपत्रिकेत त्या भाषेचेच शब्द लिहायचे आहेत. पण अर्थ आधी मराठीत लागला, तर ते शब्द नुसते पाठ करावे लागत नाहीत. मराठी केवळ सणावारी बोलून घरात टिकणार नाही. ती रोजच्या गृहपाठाला उपयोगी पडली, तर मुलेच तिला सोडणार नाहीत.