महागडी बाटली आणि गार पाणी



अमरावती-अकोल्याच्या शाळकरी मुलांना महागड्या स्टीलच्या बाटल्यांची जी ओढ वाटते,
तिच्यामागे हौस आहे, तसे वऱ्हाडातले ऊनही आहे;
कारण उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो.

अशा बाटलीला दोन भिंती असतात,
आणि त्यांच्यामधली हवा काढून घेतलेली असते;
या हवारहित पोकळीला निर्वात म्हणतात,
आणि तिच्यातून बाहेरची उष्णता सहजी आत शिरत नाही.
जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने 1892 मध्ये ही रचना प्रयोगशाळेसाठी केली.
म्हणजेच पाणी गार राहते ते पोकळीमुळे;
बाटलीवरच्या नावाचा त्याच्याशी संबंध नाही.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, दर्यापूरच्या परिसरात,
खारपाणपट्टा, म्हणजे भूजल खारट असलेला प्रदेश, पसरलेला आहे;
तिथल्या मुलासाठी घरून नेलेले गोडे पाणी ही रोजची गरज असते,
आणि ती घट्ट झाकणाच्या साध्या बाटलीनेही भागते.
तरीही साधी बाटली आणणारे मूल वर्गात ओशाळते, ही खेदाची गोष्ट आहे.

पुन्हा सांगायचे तर, गारवा पोकळीचा असतो, नावाचा नसतो.
स्वच्छतेचेही तसेच आहे:
झाकणातली रबरी रिंग काढून घासली नाही,
तर तिच्याखाली बुळबुळीत थर साचतो,
आणि तो महागड्या बाटलीतही साचतो.