निमंत्रणपत्रिकेचा साचा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाच्या सभागृहात केलेले भाषण)



पन्नास वर्षांपूर्वी आपले मंडळ स्थापन झाले, तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होते आणि मंडळाची निमंत्रणे हाताने लिहून सायकलवरून घरोघर पोहोचविली जात. ती नेणारा कार्यकर्ता प्रत्येक घर ओळखत असे. आज सभासदांची वही संगणकात आहे आणि पत्रेही संगणकच लिहितो. या सोयीने आम्हांस एक धडा शिकविला. तोच आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

गेल्या गणेशोत्सवात आमच्या हातून गेलेल्या काही पत्रांवर ‘श्री. व सौ.’ एवढेच उमटले; पुढे नावाची जागा कोरी. त्याहून वाईट असे की, ज्यांचे यजमान नुकतेच निवर्तले होते अशा एका भगिनींनाही ‘श्री. व सौ.’ असेच पत्र गेले. त्या काही बोलल्या नाहीत. आम्हांस मात्र त्यांच्यासमोर मान वर करवेना. परप्रांतात मंडळाचे पत्र हे माहेरच्या पत्रासारखे असते. त्यात असे घडावे याचे शल्य मोठे.

चूक कोठे झाली? संगणकातील साचा म्हणजे ठरलेला मजकूर, आणि त्यात नाव, पत्ता, तारीख यांसाठी राखलेल्या जागा. पुष्कळ साच्यांची पारख पत्र तयार होण्याच्या क्षणीच होते. पायथन भाषेसाठी निघालेली ‘जिंजा’ ही साचापद्धती याच जातीची. मागितलेले नाव सापडले नाही, तर वेगळी सूचना दिलेली नसल्यास ती त्या जागी काहीच छापीत नाही. चूक प्रथम कळते ती पत्र वाचणाऱ्यास!

‘रस्ट’ या भाषेची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ साली आली. या भाषेत प्रत्येक गोष्टीचा प्रकार, म्हणजे ती संख्या आहे की मजकूर, हे आधीच निश्चित व्हावे लागते. तिच्यातील ‘आस्कामा’ या साधनात साचा लिहिण्याची रीत जिंजासारखीच आहे. परंतु तेथे साच्याचे रूपांतर आधी रस्टमधील आज्ञावलीत होते आणि कंपायलर ती तपासून यंत्राच्या भाषेत उतरवितो. तपासणीत दोष निघाला तर आज्ञावली तयारच होत नाही, मग पत्र कोठून निघणार?

ही रीत आपणांस परकी नाही. घरची भाषा मराठी असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, तो काळ खिळ्यांच्या छपाईचा होता. जुळाऱ्याने खिळे जुळवावे, कच्चे मुद्रित काढावे, ते तपासावे आणि मगच छपाई सुरू करावी. न तपासता छापले, तर एकच चूक प्रत्येक प्रतीवर! कंपायलर हा तसाच मुद्रितशोधक होय.

तो काय पाहतो? साच्यात मागितलेला रकाना मुळात आहे की नाही, हे पाहतो. एखादा रकाना रिकामा असू शकतो असे घोषित केले असेल, तर रिकामा असता काय करावे हे सांगितल्यावाचून पुढे जाऊ देत नाही. आणि संबोधनाचे ‘श्री.’, ‘सौ.’, ‘श्रीमती’, ‘श्री. व सौ.’ असे पर्याय ठरवून देऊन प्रत्येकाचा मजकूर वेगळा लिहावयाचा म्हटले, तर त्यांतील एकही विसरू देत नाही. याची किंमतही आहे. साच्यातला एक स्वल्पविराम बदलला तरी आज्ञावली पुन्हा तयार करावी लागते. ते काम जाणकाराचेच.

आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी आता पत्रांचे साचे या पद्धतीने बांधले आहेत. कोऱ्या जागेचे पत्र पुन्हा निघणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

परंतु त्या भगिनींचे पत्र? ते कंपायलरनेही अडविले नसते. वहीत नोंद ‘श्री. व सौ.’ अशीच होती. प्रकार बिनचूक, केवळ सत्य बदललेले. यंत्र जागा रिकामी आहे की भरलेली, हे पाहते. घर भरलेले आहे की रिते झाले, हे त्यास कळत नाही. ते पत्र सायकलवरच्या त्या कार्यकर्त्याने मात्र खचित थांबविले असते.

म्हणून आम्ही ठरविले आहे की, प्रत्येक उत्सवापूर्वी वसाहतवार कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नोंदी ताज्या कराव्या. आपणही घरातले सुखदुःख मंडळास कळवीत जावे, ही विनंती. साचा तपासण्याचे काम यंत्राने उचलले आहे. उरलेला वेळ माणसांची विचारपूस करण्यात घालवू या.