शिल्पविद्या आणि आपली मुले

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



गुणगौरवाच्या प्रसंगी टक्केवारीवर बोलण्याचा प्रघात आहे. तो मोडून मी आज एका लहानशा अर्जाविषयी बोलणार आहे. आठवी-नववीच्या प्रारंभी काही शाळांतून पालकांच्या हाती विषयनिवडीचा अर्ज येतो. त्यात तंत्रविषय किंवा व्यवसाय शिक्षणाचा विषय घ्यायचा की नाही, असे विचारलेले असते. आपल्या समाजातील बहुतेक घरांत तो अर्ज पाच मिनिटांत निकालात निघतो. “आपल्याला काय करायचंय ते?” एवढ्या एका वाक्यात.

भगवान आदिनाथांनी कर्मभूमीच्या प्रारंभी प्रजेला असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली, हे आपण पाठशाळेत पाठ केले आहे. त्यांतील वाणिज्य आपण घट्ट धरले आणि त्यावर आपली घरे उभी राहिली. त्याविषयी माझी तक्रार असण्याचे कारण नाही, मी स्वतः कापडावर जगलो. परंतु त्याच यादीतील शिल्प, म्हणजे हातांनी घडविण्याची विद्या, आपण कधी आणि का खाली ठेवली?

याला एक उत्तर दिले जाते आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. श्रावकाचारात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. त्यांत अंगारकर्म आहे, यंत्रपीडनही आहे. भट्टी, अग्नी, यंत्र यांपासून दूर राहावे, असा आपल्या पूर्वजांचा भाव होता. त्यामागील जीवदयेला माझे वंदन. पण मी इचलकरंजीच्या यंत्रमागावर विणलेले कापड चाळीस वर्षे विकले. यंत्राचा नफा गल्ल्यात चालतो आणि यंत्राचे ज्ञान मात्र मुलाला नको, हे मला स्वतःलाच पटवून देता आले नाही.

आपल्याच समाजातील दोन थोर पुरुषांचे स्मरण येथे करतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 1887 सालचा, कुंभोजचा. 1919 मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली. त्याआधी ते किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकत गावोगाव हिंडले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘कमवा आणि शिका’ म्हणणाऱ्या या माणसाने श्रमाला कधी हलके मानले नाही. दुसरे शेठ वालचंद हिराचंद. सोलापूरच्या व्यापारी घराण्यातील या गृहस्थाने 1940 साली बंगळुरूत विमानांचा कारखाना काढण्याचे धाडस केले. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास त्यांचे नाव आहे. आपल्या किती घरांतील मुले तेथे शिकली असतील!

आता थोडे घरचे सांगतो. सांगताना संकोच वाटतो, पण ज्या दोषाविषयी बोलायचे तो आधी स्वतःच्या घरातला सांगावा.

1972 साली मी आठवीत होतो. शाळेत कार्यशाळा होती. सुतारकाम, फिटिंग, वीजजोडणी शिकवीत. मला जायचे होते. वडील म्हणाले, “गादीवर बसायचंय तुला, कानस कशाला धरतोस?” मी गादीवर बसलो, बी.कॉम. झालो. त्याचे दुःख मला नाही.

दुःख दुसरेच आहे. 1998 साली माझी मुलगी आठवीत गेली. तंत्रविषयाचे गुरुजी स्वतः घरी आले. म्हणाले, “शेठजी, हिचा हात रेखाचित्रात फार स्वच्छ आहे, सही करा.” वर्गात मुली दोन-तीनच असतील, हातांना काळे लागेल, पुढे स्थळे पाहताना काय सांगायचे, असे सारे विचार मी त्या एका क्षणात केले आणि सही केली नाही. मुलगी एक शब्द बोलली नाही. तीही माझ्यासारखीच बी.कॉम. झाली.

आज तिचा बारा शिलाई यंत्रांचा गणवेशांचा कारखाना आहे. 2019 च्या जून महिन्यात, शाळा उघडण्याच्या तोंडावर, दोन यंत्रे बंद पडली. मोटर नुसती गुणगुणे, फिरेना. परगावाहून कारागीर येण्यास चार दिवस लागले. त्याने मोटर जळाली म्हणून नव्या मोटरीचे पैसे घेतले. एका शाळेचे गणवेश वेळेत गेले नाहीत आणि ते काम हातचे गेले. पुढे एका जाणकाराने जुन्या मोटरी उघडून पाहिल्या, तेव्हा बिघडला होता तो फक्त कपॅसिटर. अगदी किरकोळ किमतीची वस्तू! मुलगी हसून म्हणाली, “अण्णा, गुरुजींनी हे आठवीतच शिकवलं असतं.” तिच्या मनात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

पालकांची मुख्य शंका अशी असते की, हा विषय घेतला तर पुढे विज्ञान शाखेची वाट बंद होईल. तसे नाही. दहावीला गणित आणि विज्ञान सर्वांनाच असते. व्यवसाय विषय कोणत्या विषयाऐवजी घ्यावा लागतो, एवढे मात्र शाळेत जाऊन नीट विचारावे. आणखीही विचारावे: कार्यशाळा खरोखर चालते का? आठवड्याला किती तास मुलाच्या हाती अवजार येते? जेथे केवळ वही भरून घेतात, तेथे हा विषय न घेतलेला बरा. कापडाचा पोत बोटांनीच कळतो. जाळून पाहिलेला सुती धागा कागदासारखा वास देऊन राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याची गोळी होते. हे मला पुस्तकाने शिकविले नाही.

हे शिक्षण कसे असावे, हे पाहायचे तर पुणे जिल्ह्यातील पाबळचे विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मोठ्या कंपनीतील संशोधकाची नोकरी सोडून 1983 मध्ये ते सुरू केले. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन अशा चार विभागांचा त्यांचा अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांत गेला. आठवड्यातील एक दिवस मुले प्रत्यक्ष काम करतात. पशुपालनात कोंबडीपालन आले तर आपण काय करायचे, असे एका भगिनीने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. शिक्षकांना आपला आचार नम्रपणे सांगावा. माती परीक्षण, वीज, पाणी यांत शिकण्यासारखे पुष्कळ आहे. एका प्रकरणासाठी सारा विषय टाकू नये.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी स्थानिक कारागिरांजवळ दहा दिवस, दप्तराविना शिकण्याची कल्पना मांडली आहे. आपल्या गावात सुतार, गवंडी, यंत्रमाग दुरुस्त करणारे आहेत. आपल्यापैकी अनेकांची त्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख आहे.

शेवटी विश्वस्त मंडळास एक विनंती. आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जात पुढील शिक्षणासाठी विज्ञान आणि वाणिज्य एवढेच रकाने आहेत. तो अर्ज तयार करणाऱ्या समितीत मी होतो, तेव्हा चूक माझीही आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यात तंत्रशिक्षणाचा तिसरा रकाना घालावा, आणि पहिल्या वर्षी त्या रकान्यात येणाऱ्या दोन विद्यार्थ्यांचा खर्च माझ्याकडे द्यावा. त्यांतील एक मुलगी असावी, एवढी माझी अट आहे.

जय जिनेंद्र.