अजगर, बूट आणि चौदा वर्षं

पेठहून बोलतोय. बाहेर पाऊस आहे, मध्येच पत्रा वाजला तर समजून घ्या.

आजचा विषय हेडफोन लावून ऐका: जाहिरातीतला उघडा पुरुष.

1995 मध्ये टफ शूजची जाहिरात आली. मिलिंद सोमण आणि मधु सप्रे, दोघंही आपली मराठी माणसं. अंगावर कपडा नाही. पायात बूट आणि भोवती अजगर. फोटो प्रबुद्ध दासगुप्तांचा. मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला, अजगरावरून वन्यजीव कायद्याचं प्रकरण वेगळंच. कोर्टानं निर्दोष सोडलं 2009 मध्ये. चौदा वर्षं! तोवर ते बूट कधीच झिजून गेले असतील.

आता जरा युरोपात जाऊ. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकचं पोस्टर सर्च करा. झेंडे फिरवणारे नग्न खेळाडू, आणि नेमक्या जागी उडत आलेली एक फीत. वारासुद्धा सभ्य! प्राचीन ग्रीसमध्ये खेळाडू तसेच उतरायचे, हा आधार होता. तरी काही ठिकाणी ते खटकलंच.

आपल्याकडे 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं टेनिसपटू बोरिस बेकरच्या अशाच एका फोटोवर निकाल दिला. फोटोत त्याची कृष्णवर्णीय होणारी बायको होती आणि सांगणं वर्णभेदाविरुद्ध होतं. कोर्ट म्हणालं, नुसतं उघडं अंग म्हणजे अश्लीलता नाही. चित्र काय सांगतंय आणि आजच्या समाजाला ते कसं वाटतं, हे बघा.

हे वाचलं आणि मला माझीच एक गोष्ट आठवली. इंजिनिअरिंगला असताना मी कॉलेजच्या ग्रुपवर आमच्या भाताच्या आवणीचा फोटो टाकला. टाकण्याआधी आजोबांना क्रॉप केलं. कारण? ते लंगोटीवर होते. गुडघाभर चिखलात दुसरं काय घालणार? मॉडेलचं उघडं अंग मला 'बोल्ड' वाटायचं, आजोबांचं गरिबी वाटायचं. म्हणजे लाज अंगात नव्हती, माझ्या नजरेत होती.

आजोबा आता नाहीत. मूळ फोटो जुन्या फोनबरोबर गेला. उरलेल्या फोटोत कडेला फक्त त्यांचा हात दिसतो, रोपांची जुडी धरलेला.

तुमच्या घरी असा फोटो असेल तर कापू नका. भेटू पुढच्या भागात!